टोकाचा आकडा

"हा त्याच पाड्यावरचा," सर म्हणाले आणि खडू माझ्याकडे रोखला. "ठोकळ्यांच्या चाचणीत याचे अठ्ठावीस गुण. पाड्याची सरासरी अर्धा गुण. याला म्हणायचं टोकाचा आकडा. असा आकडा हिशेब बिघडवतो. वगळायचा."

वर्ग हसला. मी फळ्याशेजारी उभा. सरांनीच उभं केलेलं. पालघरच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या वर्गात मी एकटा वारली. जिवंत माणूस उभा करून दाखवायचा, हा वगळायचा म्हणून! आणि सांगायला लाज वाटते, मीही हसलो. सगळे हसले की तोंड आपोआप तसं होतं.

त्याआधीच्या आठवड्यात मीच सरांना मासवणच्या बाजूला आमच्या पाड्यावर नेलं होतं. ठोकळ्यांच्या पेट्या माझ्या डोक्यावर, घड्याळ सरांच्या हातात. पाड्यावरची शाळा चौथीपर्यंत. पुढं शिकायचं तर पालघरचं वसतिगृह. तिथं कुणाला घ्यायचं, त्यासाठी सरांचं मत मागवलेलं. चौथीत बारा पोरं. त्यातली एक माझ्या बहिणीची जानी.

चित्र बघून ठोकळे रचायचे. दोन मिनिटं. एकेकाला वेगळं बसवायचं, असं पुस्तकात लिहिलेलं. पण सरांना चारची एसटी गाठायची होती. म्हणून चौघाचौघांची रांग केली.

जानी ठोकळ्यांकडे बघत राहिली. हात मांडीवर. सगळी मोठी पोरं तशीच. नऊ जणांना शून्य.

"शून्य म्हणजे बुद्धीच नाही," सर पोरांसमोर म्हणाले. "तारापूरला बांधकाम चाललंय. घमेली उचलायला माणसं लागतातच."

ती नऊ शून्यं मी माझ्या हातानं तक्त्यात लिहिली. मुकाट्यानं. प्रात्यक्षिकाचे गुण सरांच्या हातात. ते गेले की फीमाफी गेली, फीमाफी गेली की कॉलेज गेलं. इकडे आड, तिकडे विहीर. बोलणार काय?

निघताना जानीनं माझी बाही धरली.

"मामा, मला कवाच आलेलं. पन ठमीला पुरतं नव्हतं आलं ना."

ठमी तिच्या रांगेतली सगळ्यांत धाकटी.

आवणीला, भाताची रोपं लावायला, चिखलात वाकलेले असताना आमच्यात कुणीतरी कोडं घालतं. ज्याला आधी सुटलं त्यानं गप राहायचं, सगळ्यांत धाकट्याला सुटेपर्यंत. आधी बोलला तो हावरा. मी ह्यातच वाढलो, आणि चार बुकं शिकल्यावर साफ विसरलो! तिथंच तक्ता उघडला. गुण पडले होते तिघांना. दोन, एक, तीन. तिन्ही पोरं आपापल्या रांगेतली धाकटी. सगळं कागदावर होतं. सहाला बारानं भागलं, अर्धा आला, आणि पोरांचं शहाणपण त्या अर्ध्याखाली गाडलं गेलं.

एसटीत मी सरांना सगळं सांगितलं. "शास्त्रात भावना आणू नकोस," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

आणि त्या दिवशी मी फळ्याजवळ. वर्गाचं हसणं थांबल्यावर सरांनी तक्ता टेबलावर ठेवला. "परीक्षक म्हणून सही कर."

ह्याच फळ्यावर त्यांनी मापनश्रेणी शिकवल्या होत्या. हजेरीचा नंबर म्हणजे नुसतं नाव. पहिला-दुसरा म्हणजे नुसता क्रम, मधलं अंतर त्यातून कळत नाही. थर्मामीटरवर अंतर कळतं, पण त्याचं शून्य सोयीसाठी ठरवलेलं. तराजूचं शून्य तेवढं खरं, पारड्यात काही नाही म्हणजे नाही. मी घोकून पाठ केलं होतं.

"सर, थर्मामीटर शून्यावर आला म्हणून उष्णता संपत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मग ठोकळ्यांच्या शून्याला बुद्धी कशी संपते?"

"मला शिकवतोस? सही कर, नाहीतर पास कसा होतोस ते बघतो."

खोटं कशाला बोलू, सही करावीशी वाटली. पण ती सही म्हणजे जानीच्या डोक्यावर मी ठेवलेलं घमेलं होतं. दुसऱ्या कुणी ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी. मी पेन घेतलं आणि सहीच्या जागी लिहिलं, 'चौघांना एकत्र बसवलं. चाचणी नियमानं झालेली नाही. नऊ शून्यं मला मान्य नाहीत.' खाली माझं नाव, बापाचं नाव, पाड्याचं नाव.

सरांनी तक्ता टराटरा फाडला. नवा केला. पाड्याचं तोंडही न बघितलेल्या एका विद्यार्थ्यानं त्यावर सही केली.

जूनमध्ये बारांपैकी एकालाही वसतिगृहात घेतलं नाही. मला प्रात्यक्षिकात शून्य मिळालं, फीमाफी गेली. आता मी तारापूरला बांधकामावर आहे. रांगेत माझ्यापुढं बहीण आणि तिच्यापुढं जानी. डोक्यावर घमेलं.

सुट्टीच्या दिवशी पाड्यावर बाराही पोरं माझ्यापुढं बसतात. मी एकेकाला वेगळं बसवून कोडी घालतो आणि सांगतो, "आवणीत धाकट्यासाठी थांबायचं. पन घड्याळवाला आला तर थांबायचं नाय." हे शिकवताना जीभ जड होते. तरी शिकवतो.

पुढल्या मार्चला मी त्याच सरांपुढं परीक्षेला बसणार आहे. त्यांनी पुन्हा शून्य दिलं, तर त्याच्या पुढल्या मार्चला.