बिरड्याची वाटी

सोलापूरहून गाडी सुटली तेव्हा आमच्या भिशीतल्या बायका फलाटावर उभ्या राहून एकच घोकत होत्या, "अक्का, खोली कशीबी असू दे, जेवण बघून हॉटेल ठरवा." दिवाळीनंतर सगळ्या जणींची खाण्याची सहल काढायची होती. कोल्हापूर झालं, मालवण झालं, आता ठाणे-कल्याणकडच्या आगरी जेवणाची कीर्ती ऐकून सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं. हॉटेल निवडायला मला पाठवलं, कारण खाण्यातलं मला कळतं असा आमच्या गल्लीत समज आहे. तो मीच पसरवलेला आहे. सोबत माझी धाकटी जाऊ माधुरी होती. परत येऊन सगळी हकीकत लिहून काढते असं कबूल करून बसले होते, म्हणून हे लिहिते आहे. नाहीतर यातलं एक अक्षर कुणाला सांगितलं नसतं, इतकी मला लाज वाटते आहे.

पहिला मुक्काम ठाण्याला. हॉटेल कसलं, काचेचा डबाच. सकाळी नाश्त्याला भिंतीला लागून भांड्यांची रांग, प्रत्येकाखाली दिवा. पोहे वाफेने भिजून गिच्च झाले होते, उपम्याला आणि इडलीला एकच चव होती. माझी एक रीत आहे. हॉटेलात शिरलं की मेनूकार्ड मागायचं नाही, तिथे काम करणारी माणसं जेवतात कुठे ते विचारायचं. वाढणाऱ्याला हळूच विचारलं. तो हसला. "इथलं नाय खात मॅडम. आम्ही समोर मिसळ हाणतो, एकदम कडक." आम्हीही समोर जाऊन मिसळ हाणली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि त्या हॉटेलवर काट मारली.

मग डोंबिवली. खोली स्वच्छ, चादरी पांढऱ्याशुभ्र, पण खिडकी उघडली की कारखान्यांकडून उग्र वास यायचा. माधुरीने तोंडाला पदर लावला. इथे मी थेट मॅनेजरनाच गाठलं. शुद्ध, पुणेरी वळणाचं बोलणारे गृहस्थ होते.

"मी घरचा डबा आणतो," ते म्हणाले. "तुम्हाला खरं सांगू का, कोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्र आहे, तिथूनच घ्या. गरम असतं आणि पोटालाही बाधत नाही."

मॅनेजरच असं म्हणतो म्हटल्यावर बोलणंच संपलं. कोपऱ्यावरच्या पोळ्या मात्र अशा मऊ होत्या की माधुरी म्हणाली, "अक्का, हॉटेल सोडा, आपण या बाईंच्याच घरी राहू की." तिथे मला फार बरं वाटत होतं. आपण किती बरोबर पारखतो, दोन हॉटेलं कशी उडवली, हे सगळं गावी जाऊन कसं रंगवून सांगायचं, याची मनात जुळवाजुळव चालली होती.

तिसरं हॉटेल कल्याण-शीळ रस्त्याला. भोवती टॉवरच टॉवर, मधे जुनं गाव राहिलेलं. पूर्वी शेती आणि मिठागरं असलेल्या आगरी कुटुंबाने आपल्याच जागेत हॉटेल बांधलेलं, मागे त्यांचं घर. बाहेर ठळक पाटी: 'अस्सल आगरी जेवण'. दुपारी पोचलो तेव्हा भुकेने कासावीस झालो होतो. बॅगा ठेवता ठेवता मी माझा ठरलेला प्रश्न टाकला.

काउंटरवरचा माणूस घाईत होता. "आज किचन बंद आहे मॅडम. आम्ही सगळे मागेच जेवतोय, शेठच्या अंगणात. तुम्ही पण तिकडेच जा, शेठ बोललेत."

किचन बंद का, हे विचारायला हवं होतं. मी कशाला विचारतेय! मालकाच्या अंगणात घरगुती जेवण, तेही जिथे नोकरमाणसं जेवतात तिथे! मी माधुरीला कोपर मारलं. "बघ, याला म्हणतात हॉटेल."

अंगणात मांडव होता. चटयांवर पंगत बसलेली, पुढे केळीची पानं. पांढरा लेंगा-सदरा घातलेला पन्नाशीचा एक माणूस हातात भाताचं भांडं घेऊन वाढत होता. काशिनाथशेठ, म्हणजे मालक, ते हेच. मला तो वाढपी वाटला.

"या बाय, बसा. कुठशी आलाव?"

"सोलापूरहून."

"एवढ्या लांबशी! अरे, यांना पान द्या पहिला."

पानावर तांदळाची भाकरी, वडे, खीर, बटाट्याची भाजी, वरणभात आणि वाटीत वालाचं बिरडं (सोललेल्या वालांची रसभाजी) आलं. मी वाट बघितली. आणखी काही येईना.

"अहो, मासळी कधी वाढणार?"

तो माणूस थांबला. "बाय, आज म्हावरा (मासळी) नाय चालत."

"का? आज बुधवार आहे. बुधवारी कोण पाळतं?"

"दिवस तसा हाय."

त्याने हे इतकं हळू सांगितलं की कुठल्याही शहाण्या माणसाने तिथेच समजून घेतलं असतं. पण भूक लागली की माझ्या तोंडाला कुलूप राहत नाही. "मग बाहेर आगरी जेवणाची पाटी कशाला लावली? लोकांना बोलवायचं आणि वालावर भागवायचं!"

पंगतीतले हात थांबले. माधुरीने माझा पदर ओढला. "अक्का, गप बसा की. लोक बघायलेत."

"बघू देत."

"वाल तरी खाऊन बघा, बाय," तो म्हणाला. "घरातच केलाय."

मी वाटीत डोकावले. रस्सा फिकट, पातळ. आमच्या सोलापुरात रश्शावर लाल तवंग नसेल तर त्याला कोणी रस्सा म्हणत नाही. "हे बघूनच कळतंय," मी म्हणाले, आणि माझा आवाज काही लहान नाही, "बिघडलंय. ज्याने केलंय त्याला आधी शिकवा." असं म्हणून वाटी पानाबाहेर सारली. स्वयंपाकघराच्या दारात हातात पळी घेतलेली एक बाई उभी होती. ती आत वळली. मी भाकरी-भाजीवर जेवण उरकलं, खीर तेवढी पुन्हा मागितली.

हात धुऊन आले आणि त्याच माणसाला विचारलं, "बिल कुठे द्यायचं?"

त्याने दोन्ही हात जोडले. "बिल कसला, बाय? आज माझे आईचा वरीस हाय. तुमी जेवलाव, तिला पोचला."

तो जरा बाजूला झाला, तेव्हा मागची ओटी दिसली. पाटावर एका म्हातारीचा हार घातलेला फोटो. पुढे समई आणि वाढलेलं पान. त्या पानावरही बिरड्याची वाटी होती.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षश्राद्धाच्या पंगतीत बसून मी मासळी मागितली होती. ज्याची आई गेली त्यालाच वाढपी समजून फैलावर घेतलं होतं. जमिनीने पोटात घ्यावं असं म्हणतात ना, अगदी तसं वाटलं. मी काहीतरी पुटपुटले आणि चोरासारखी तिथून निघाले.

खोलीवर आल्यावर माधुरीने पलंगावरची चादर ओढून काढली. मग चादरीची घडी करत म्हणाली, "त्या पळीवाल्या बाई आत रडत होत्या. मी हात धुवायला गेले तेव्हा बघितलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमी ऐकताव का कुणाचं?"

उरलेली दुपार खोलीत तोंड लपवून बसले. संध्याकाळी मात्र राहवेना. सोलापूरहून आणलेला शेंगाचटणीचा पुडा हातात घेतला, परत ठेवला. तिखट घेऊन माफी मागायला जायचं, हे माझं मलाच कसंतरी वाटलं. तशीच रिकाम्या हाताने मागच्या घरी गेले.

ती बाई अंगणात मोठमोठे टोप घासत होती. रंजनाबाई, काशिनाथशेठची बायको, गेलेल्या आईंची सून. मला बघून उठली, हात पुसले, खुर्ची दिली आणि आत जाऊन चहा घेऊन आली. तिने दार लावून घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"मला माहीत नव्हतं हो, आज दिवस कसला आहे," मी म्हणाले. "फार वाईट बोलले. माफ करा मला."

"त्याचा काय नाय. माहीत नवता तर काय करनार?" ती समोर पायरीवर बसली. मग म्हणाली, "पन एक इचारू? रागवू नका."

"विचारा ना."

"बिरडा आमच्या आईच करायच्या. कोनाला हात लावू द्यायच्या नाय. त्यांच्या आवडीचा करायचा म्हनून आज मी पयल्यांदा केला. सगली बोलली, झ्याक झालाय. पन ती घरची मानसा, ती तसाच बोलनार. तुमी एकट्या खरा बोलल्याव. तुमाला जेवनातला कलतं. काय कमी पडला, सांगा ना. पुढच्या वक्ताला सांभालीन."

ती खरंच विचारत होती. टोमणा असता तर मी झेलला असता. माझ्या जिभेवर उत्तरं तयार होती: गूळ कमी, खोबरं कमी, फोडणी कच्ची. यातलं काहीही सांगितलं असतं तरी तिने मानलं असतं, आणि पुढच्या वेळी सासूच्या हातची चव मोडून माझी चव घातली असती.

"मी ते खाल्लंच नाही," मी म्हणाले.

"आँ?"

"नुसतं बघितलं आणि बोलले."

"तोंडात पन नाय घातला?"

"नाही."

ती घासलेल्या टोपांकडे बघत राहिली. "मी दुपारधरून टोपाचे कडेचा खरवडून खरवडून चाखतेय," ती म्हणाली, "काय चुकला ते समजाया. आता सगला संपला."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. आतून कोणीतरी हाक मारली तशी ती उठली. "चा पिऊन जा, बाय." मी तो चहा प्यायले. आता त्या घरातलं आणखी काही परत सारायची माझी छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी निघालो. परतीच्या गाडीत दौंड मागे पडल्यावर माधुरीने सांगितलं, की मी रिक्षा बघायला गेले होते तेव्हा ती मागच्या घरी जाऊन आली होती.

"मी म्हटलं त्यांना, मी दोनदा मागून घेतलं, लई चांगलं झालं होतं. अन् खरंच झालं होतं, अक्का."

"मग? काय म्हणाल्या?"

"हसल्या. म्हणाल्या, तुमी त्यांच्या जाऊ ना, तुमी आता तसाच बोलनार."

सोलापुरात भिशीच्या बायकांनी घेरलंच. "अक्का, कुठलं हॉटेल? जेवण कसं?" आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणाले, मला माहीत नाही, माधुरीला विचारा. माधुरीने त्या बिरड्याचं वर्णन केलं. वाल मऊ पण एकही मोडलेला नाही, नारळाचं दूध, आणि गिळल्यावर मागे राहणारा जरासा कडूपणा. मी बाजूला बसून ऐकत होते, कधी न चाखलेल्या पदार्थाबद्दल ऐकावं तसं. कारण खरोखरच चाखलेलं नव्हतं.

बायकांनी तेच हॉटेल पक्कं केलं आहे. मला बरोबर चल म्हणून मागे लागल्या आहेत. जावं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. गेले, आणि रंजनाबाईंनी पुन्हा बिरडं केलं, तर मी वाटी पुसून खाईन. ते छानच झालेलं असेल. मी छान झालंय म्हणेन, आणि त्या बिचाऱ्या मान हलवतील, हसतील, आणि माझं काहीच खरं मानणार नाहीत.