चुकेल त्यानं उभं राहायचं

माझ्या इंग्रजीच्या क्लासात एक नियम आहे. चुकेल त्यानं उभं राहायचं, आणि दुसरा कुणी चुकेपर्यंत बसायचं नाही. नियम माझा नाही. बेळगावात शाळेत असताना आमच्या सरांनी लावलेला, मी तो उचलला.

तेव्हा मी येळ्ळूरहून बसनं यायची. भाऊ माझ्यापेक्षा जोरात पळतो, हे सांगताना मी ‘फास्टर’ऐवजी ‘मोअर फास्ट’ म्हणाले. सर म्हणाले, “येळ्ळूरची गाडी मोअर फास्ट! ऱ्हा उभी.” वर्ग खो खो हसला. मग सरांनी मुद्दाम पुस्तक मिटलं आणि तास संपेपर्यंत दुसऱ्या कुणाला एक प्रश्नही विचारला नाही. मी आपली उभीच. त्या दिवसापासून मला सूड हवा होता, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

गेल्या महिन्यात तेच सर माझ्या क्लासात शिकायला आले. मुलगी परदेशात, तिच्याकडे जायचं होतं. जन्मभर इंग्रजीचं व्याकरण शिकवलेल्या या माणसाला चार वाक्यं बोलायची म्हटलं की घाम फुटायचा. मला त्यांनी ओळखलं नाही. “मॅडम” म्हणाले. ते मला जास्तच झोंबलं.

तिसऱ्या दिवशी मी इंग्रजीत विचारलं, तुमच्याआधी घरात कोण उठतं? व्याकरणाचे सगळे तक्ते तोंडपाठ असलेले सर गडबडले. “माय वाइफ गेट्स अप मोअर अर्ली.”

“‘अर्लिअर’, सर. उभे राहा.”

ते बाक धरून उभे राहिले. गुडघे थरथरत होते. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढचा प्रश्न पहिल्या बाकावरच्या मुलीला. क्लासात सगळ्यात हुशार तीच. तिनं सरांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “माय सिस्टर सिंग्ज मोअर बेटर दॅन मी.” ‘बेटर’ला ‘मोअर’ लावत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हाताऱ्याला बसता यावं म्हणून ती मुद्दाम चुकली होती.

“करेक्ट,” मी म्हणाले. “बस.”

“मॅडम, चुकलंय की माझं!”

“बरोबर हाय म्हटलं न्हवं? बस खाली.”

 सर उभेच राहिले. बाकीच्या पोरांनी माझ्यावर विश्वास ठेवून ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.