सेंटर हाफच्या बदल्यात पॅनमन

"बाबू बूट घालणार नाही म्हणतो," असं मी जमादारसाहेबांना सांगितलं आणि चहाचा पेला तोंडाला लावला. बाबूभाईंनी मला जो निरोप देऊन पाठवलं होतं, त्याचा हा साधारण चौथा हिस्सा होता. उरलेले तीन हिस्से मी चहाबरोबर गिळले. ही चूक माझी. पुढे जे झालं त्यात पुष्कळांनी हात धुऊन घेतले, पण नळ मी सोडला होता.

मी तेव्हा आमच्या साखर कारखान्यात टाइमकीपर होतो. कोण किती वाजता कामावर आला आणि किती वाजता गेला, एवढंच लिहिणारा माणूस. शिवाय कारखान्याच्या फुटबॉल टीमचा सेक्रेटरी आणि राइट बॅक. सेक्रेटरी होतो म्हणून राइट बॅक होतो, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

बाबूभाई शेख मूळचे नगरचे, आमच्याकडे मिल फिटर. ते सेंटर हाफ खेळत. ज्यांनी फुटबॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: सेंटर हाफ मैदानाच्या मधोमध उभा राहतो आणि उरलेल्या दहा जणांना कुठे पळायचं ते सांगतो. बाबूभाई हे काम तोंडाने आणि अनवाणी पायांनी करत. पायांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तोंडाबद्दल माझी होती. एकदा भर मॅचमध्ये माझ्या दोन पायांमधून बॉल निघून गेला, तेव्हा ते ओरडले, "ओ टाइमकीपर, बॉल गेला, आता हजेरी कुनाची घेताय?" सगळं मैदान हसलं. मॅनेजरसाहेबांच्या बाईसाहेब खुर्चीत बसून हसल्या. ते हसू मी दोन वर्षं जपून ठेवलं होतं.

टीमला शिकवायला नगरहून एक ड्रिल मास्तर दर रविवारी रेल्वेने येत. त्यांचं धोरण एकच होतं: बॉल बाबूला द्या आणि गप्प राहा. लढाई संपली त्या वर्षी मास्तर मुलाकडे राहायला इंदूरला गेले आणि त्यांच्या जागी पलटणीतून सुटून आलेले जमादारसाहेब आले. मिशा मेणाने वळवलेल्या, कमरेला शिट्टी. पहिल्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं की उद्यापासून सगळे बुटात. मुंबईहून बुटांची पेटी आली. बाबूभाईंचा पाय रुंद, जन्मभर मोकळा. चार दिवसांत टाचा सोलून निघाल्या.

ते माझ्याकडे ऑफिसात आले. "अण्णा, बूट लई चावतोय. पन जमादारसायबाला सांगा, सराव मी बुटातच करीन. म्याचीला तेवढं अनवानी खेळू द्या. पाय बसला की म्याच बी बुटात. मी बोललो तर उलटं बोलल्यावानी वाटंल, तुमी सांगा."

यात वावगं काय होतं? काहीच नव्हतं. मी जाऊन सांगितलं ते वर लिहिलंच आहे.

जमादारसाहेबांच्या मिशा थरथरल्या. "नाही म्हणतो? पलटणीत नाही म्हणणाऱ्याचं काय करतात माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. साखर कारखान्यात काय करतात ते आठ दिवसांत कळलं.

उसाचं गळीत नुकतंच सुरू झालं होतं आणि आमचा पॅनमन नोकरी सोडून गेला होता. उसाचा रस आटवून एका मोठ्या बंद भांड्यात शिजवतात, त्याला पॅन म्हणतात. आतला पाक कधी दाणा धरतो हे काचेवर थेंब घेऊन, नुसत्या नजरेने ओळखतो तो पॅनमन. तो नसला तर ऊस कितीही गाळा, साखर होत नाही, चिकट दुःख होतं. पुणतांब्याच्या बाजूला एक दुसरा कारखाना होता. त्यांच्याकडे पॅनमन दोन होते, आणि त्यांच्या मॅनेजरला फुटबॉलचं वेड होतं.

मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. जमादारसाहेब आधीच तिथे उभे होते.

"कुलकर्णी, तो शेख फिटर टीममध्ये नको असं हे म्हणतात. पलीकडचे त्याच्या बदल्यात पॅनमन द्यायला तयार आहेत."

"साहेब, पण हंगाम संपला की हेड फिटर रिटायर होणार. त्या जागेवर बाबूभाईंचं नाव आहे."

"हेड फिटर कुणीही होईल. पॅनमन तुम्ही होता का?"

मी झालो नाही. ऑफिसात बसून पत्र टाइप केलं. 'म्युच्युअल एक्स्चेंज' असा छान शब्द मीच सुचवला. पत्र वाचून कुणाला वाटलं असतं, दोन पंप इकडचे तिकडे होत आहेत. नव्या ठिकाणी बाबूभाई पुन्हा सर्वांत खालच्या फिटरपासून सुरुवात करणार होते. नऊ वर्षांची नोकरी पुसली गेली. पत्रात याला जागा नव्हती.

जायच्या दिवशी ते दाखला न्यायला आले. "अण्णा, तुमी सांगितलं हुतं ना, म्याचीपुरतं म्हनून?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. आधीचं अर्धं होतं, हे मात्र पूर्ण खोटं.

"मग जाऊ द्या. पलटनीचा मानूस. त्याला काय बोलनार." आणि वर मलाच म्हणाले, "तुमी लई केलंत."

नवा पॅनमन आला. रामदुलारे त्याचं नाव. भांडकुदळ होता, पण साखर अशी पांढरीशुभ्र काढायचा की सौदा चुकला असं म्हणायची सोय राहिली नाही. मी ती साखर रोज चहात घालत होतो.

संक्रांतीनंतर त्यांच्याच मैदानावर त्यांच्याशी मॅच ठरली. मैदानाला लागून ऊस होता आणि त्या आठवड्यात पाटाच्या पाण्याची पाळी होती. कुणाचा तरी बांध फुटला आणि अर्धं मैदान भिजलं. तिकडची काळी माती ओली झाली की कुणालाच सोडत नाही. दहा मिनिटांत आमच्या प्रत्येक बुटाखाली एकेक ढेकूळ तयार झालं.

"पाय उचला, पाय उचला," जमादारसाहेब रेषेवरून ओरडत होते.

आमचा गोलकीपर, वजनकाट्यावरचा क्लार्क, शांतपणे म्हणाला, "पाय उचलतोय साहेब. जमीन पण येतीय बरोबर."

ते अकरा जण अनवाणी होते. बाबूभाई मधोमध उभे राहून बोटाने दाखवत होते आणि बॉल तिथे जात होता. चौथा गोल माझ्या बाजूने झाला. मी चिखलात आडवा पडलो होतो. वाटलं, आता हजेरीचं काढतील. त्यांनी हात पुढे केला. "उठा अण्णा, शिफ्ट संपली न्हाई अजून." हसले आणि गेले. त्यांनी लाथ घातली असती तर बरं झालं असतं.

मॅच आम्ही चार-शून्यने हरलो. आत येताना जमादारसाहेबांचा स्वतःचा एक बूट मैदानातच राहिला. मोज्यावर उभे राहून ते मला म्हणाले, "हा माणूस अनवाणी असा खेळतो? तुम्ही लोकांनी मला सांगायचं नाही? पलटणीत आमचेही निम्मे अनवाणीच खेळायचे. सरावाला बूट शिस्तीसाठी. मॅचला काय घालतो हे कोण बघतंय?"

मी म्हणालो, "हो साहेब."

हेड फिटरची जागा उन्हाळ्यात दुसऱ्याला मिळाली. तो माणूस वाईट नव्हता, पण ती जागा त्याची नव्हती. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'हेड' हा शब्द मीच लिहिला. कारखान्यात मॅनेजरवर, कोचवर, पॅनमनवर सगळ्यांची नजर असते. निरोप्यावर कुणाचीच नसते, कारण तो फुकट मिळतो. माझं मत, सगळ्यांत आधी त्याच्यावरच ठेवावी.

पुढच्या हंगामात आमच्या पंपाचा व्हॉल्व्ह फुटला आणि दुसरा उसना आणायला मला पुणतांब्याकडे पाठवलं. व्हॉल्व्ह आणायला कुणीही चाललं असतं. मी मागून घेतलं काम. मिल हाउसमध्ये विचारलं, तर एका पंपाकडे बोट दाखवलं. पंपाखालून दोन अनवाणी पाय बाहेर आले होते. रुंद, टाचेवर जुने वण. ओळखायला चेहरा लागला नाही.

"बाबूभाई, मी कुलकर्णी. टाइमकीपर."

"अण्णा व्हय? बोला," पंप म्हणाला. पाय हलले नाहीत.

मी पायांना सगळं सांगितलं.

"काय म्हनला? मिल चालू हाय, मोठ्यानं बोला."

पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

"न्हाई आलं ऐकू."

त्यांना पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं असा माझा आजही संशय आहे. पण तो त्यांचा हक्क होता. शेजारचे तीन फिटर आणि एक तेलवाला हातातलं काम सोडून बघत होते. मी छाती भरून श्वास घेतला आणि उसाच्या रोलरच्या घरघरीच्या वर आवाज काढला.

"बाबूभाई, तुम्ही बुटाला नाही म्हणाला नव्हता. मॅचपुरती सूट मागितली होती. मी साहेबांना फक्त 'नाही' सांगितलं, कारण तुम्ही मला हसला होता. आणि नंतर तुमच्या तोंडावर खोटं बोललो. तुमची हेड फिटरची जागा माझ्यामुळे गेली. माझं चुकलं. मला माफ करा."