वाकलेली सूर्यफुले

तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. तंतोतंत जुळणाऱ्या प्रतीवर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा आम्ही लिहितो.

काल शेजारच्या शाळेच्या ओसरीवर बाईंनी एका जगद्विख्यात चित्रकाराचे सूर्यफुलांचे चित्र टांगून मुलांना रंग दिले. सर्वांची फुले ताठ उमलली. वैशालीची तेवढी मान खाली घालून होती.

“तुझं भिंतीवर लागणारच नाही!” मैत्रिणी हसल्या. तिचे डोळे भरले.

बघायला थांबलेल्या मला जाणकार या नात्याने मत देणे अगत्याचे वाटले. “बाई, हे मुळाबरहुकूम नाही.”

“आमच्या रानात दाणे भरले की अश्शीच वाकतात,” वैशाली पुटपुटली.

“काका, नक्कल मागितलीय कुणी?” बाई म्हणाल्या.

मी विचारात पडलो. त्या थोर पुरुषाने आपल्यापुढची फुले निरखली, म्हणून या पोरीला आपले रान निरखण्याची मुभा मिळाली असावी.

वैशालीने चित्र माझ्यापुढे धरले. “काका, तुम्ही कचेरीच्या कागदांवर लिहिता तसा शेरा लिहा ना. मग कुणी हसणार नाही.”

मी पेन उघडले आणि चित्राच्या कोपऱ्यात, वळणदार अक्षरांत, नेहमीच्या शेऱ्यातला पहिला शब्द तेवढा लिहिला: अस्सल.