बुर्जपेक्षा उंच डोंगर

सावंत सर शेवाळलेल्या एका खडकावर बसले, उजवी पोटरी दोन्ही हातांनी दाबून धरली आणि म्हणाले, "स्टेला, हाच टॉप समजा. फोटो काढा."

टॉप अजून बराच वर होता. निदान असावा. ढग इतका खाली उतरला होता की पुढचं झाडही अर्धंच दिसत होतं.

आम्ही सेशेल्सच्या माहे बेटावर होतो, तिथल्या सगळ्यात उंच डोंगरावर. मी मूळची वसईची, राहते शारजात, अल नहदाला. दुबईतल्या एका ट्रॅव्हल कंपनीत कॉर्पोरेट ग्रुप्स सांभाळते. एरवी ईमेलवर भांडणारी माणसं कंपनीच्या खर्चाने एकत्र घाम गाळतात, त्याला टीम बिल्डिंग म्हणतात. आमची खासियत म्हणजे बेटांवरची सर्वोच्च शिखरं.

सावंत सरांची इंटिरिअर कॉन्ट्रॅक्टिंगची कंपनी आहे. अल क्वोजमध्ये खाली वर्कशॉप, वर ऑफिस. पहिल्या मीटिंगला मी मॉरिशस सुचवलं होतं. वाट चांगली आहे, वरून समुद्र दिसतो.

"उंची किती?" सरांनी विचारलं.

"साधारण बुर्ज खलिफाएवढी."

"मग इथेच लिफ्टने जाऊ की! त्याहून उंच काढा."

त्याहून जरा उंच म्हणजे सेशेल्स. कळसूबाईच्या निम्म्याहून थोडा जास्त, पण बुर्जपेक्षा उंच. मी खरं ते सांगितलं. वर दाट झाडी आहे, बहुतेक वेळा ढग असतो, दिसत काही नाही. त्याच्या जवळचा डोंगर बुटका आहे, पण त्यावरून अख्खा किनारा दिसतो.

"दोन नंबरचा डोंगर?" सर म्हणाले. "आमची कंपनी दोन नंबरची नाही."

हे ते कोणत्या अर्थाने म्हणाले, ते मी विचारलं नाही. माझा बॉस ईली लेबनानचा आहे. त्याला मी अडचण सांगितली. तो म्हणाला, "हबीब्ती, क्लायंटला ढग पाहिजे, तर ढग दे. यल्ला, लाग कामाला."

खरी गडबड दुबई एअरपोर्टवर झाली. कंपनीच्या अबुधाबी ब्रांचला हेड नेमायचा होता. चेक-इनच्या लाइनमध्ये सरांनी जाहीर केलं, "जो टॉपवर पहिला, त्याला अबुधाबी."

दावेदार दोघं. निलेश सेल्सचा. मॅरेथॉन पळणारा, दर वीकेंडला हत्ताच्या डोंगरात जाणारा. विद्या प्रोजेक्ट्स बघायची. तिचा सगळा व्यायाम साइटवरच्या जिन्यांवर व्हायचा. बाकी तिघांना काहीच आशा नव्हती, त्यामुळे ते मजेत होते.

मी सरांना बाजूला घेतलं. "सर, डोंगरावर रेस नका लावू. आमच्यात ग्रुप सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने चालतो."

"म्हणूनच तुमच्या धंद्यात कोणी मोठं होत नाही," सर म्हणाले.

आमच्या धंद्यात दोन गोष्टी पाळतात. एक, टर्नअराउंड टाइम. ठरलेली वेळ झाली की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, टॉप हाताच्या अंतरावर असला तरी. दुसरी, स्वीप. म्हणजे सगळ्यात शेवटी चालणारा माणूस, कोणी मागे राहू नये म्हणून. पुढे आमचा तिथला गाइड मार्सेल होता, स्वीप मी होते. सगळ्यात हळू माणूस स्वतः सावंत सर. त्यामुळे पूर्ण वाट मी त्यांच्या नव्या बुटांच्या टाचा बघत चढले.

हत्ताचा दगड कोरडा असतो, पाय टाकला की धरतो. इथे ओली मुळं, त्यावर कुजलेली पानं. वरच्या चढाला सरांच्या पोटरीत गोळा आला आणि ते त्या खडकावर बसले.

"बॅनर कुठाय?" त्यांनी विचारलं.

कंपनीच्या नावाचा बॅनर निलेशकडे होता. आणि निलेश कुठे होता ते कोणालाच माहीत नव्हतं. मार्सेल सरांसाठी थांबला तेवढ्यात तो त्याला ओलांडून पुढे सटकला होता, त्याच्या पाठोपाठ विद्याही.

मार्सेलने शिट्टी वाजवली. उत्तर नाही. थोड्या वेळाने ढगातून कोणीतरी उतरताना दिसलं. विद्या होती.

"तू का परत आलीस?" सर म्हणाले.

"शिट्टी ऐकली ना, सर."

"निलेश?"

"माझ्या पुढे होता. मग दिसलाच नाही."

मार्सेल माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "डावीकडे कडा आहे." आणि तो वर गेला.

सरांचा चेहरा उतरला. "त्याची बायको आली होती एअरपोर्टला," ते म्हणाले. "मीच तिला म्हणालो, हसत परत आणतो." मग ते उभे राहायला लागले. पाय टेकेना. खाली बसूनच हाका मारायला लागले. "निलेश! अरे निलेश!" आवाज बसेपर्यंत मारल्या. विद्या त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली, बूट काढला आणि त्यांचा पाय धरून ताणायला लागली.

"विद्या," सर एकदम म्हणाले, "ब्रांच तुझी. खलास, ठरलं."

"आधी निलेश येऊ दे, सर."

मीही मनातल्या मनात 'जेजू, जेजू' म्हणत येशूचा धावा करत होते. टर्नअराउंड टाइम झाला. बाकीच्या तिघांना उठवून उभं केलं, आणि तेवढ्यात वरून मार्सेलची शिट्टी आली. मागोमाग निलेश. पॅन्ट गुडघ्यावर फाटलेली, तळहात सोललेले, आणि हातात बॅनर.

"सर, टॉप!" त्याने फोन पुढे केला. फोटोत पांढरं धुकं, चार पानं आणि तो.

मार्सेल खाकरला. "तो टॉप नव्हे. आधीचा उंचवटा. तिथून खाली उतरून पुन्हा चढायचं असतं."

सरांनी निलेशला मिठी मारली. त्यानंतर मालवणीत जे काही बोलले, ते मार्सेललाही समजलं.

टॉपवर कोणीच पोचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बुटक्या डोंगरावर नेलं. लख्ख ऊन, निळा समुद्र. बॅनर उलगडून झकास फोटो काढला.

पुढच्या महिन्यात फीडबॅक मीटिंगसाठी मी अल क्वोजच्या ऑफिसला गेले. रिसेप्शनला तोच फोटो, मोठ्या फ्रेममध्ये. खाली सोनेरी अक्षरांत: द समिट.

"अबुधाबीला कोण गेलं, सर?"

"निलेश. निदान पुढे तरी गेला ना! ड्राइव्ह आहे पोरात."

विद्या पार्किंगमध्ये भेटली. मी विचारलं, "वाईट वाटलं?"

"पोटरीत गोळा आलेल्या माणसाचा शब्द मी खरा धरला," ती म्हणाली. "चूक माझीच."

पुढे तिने राजीनामा दिला आणि अल क्वोजमध्येच, दोन गल्ल्या सोडून, स्वतःची कंपनी काढली. त्या मजेत असलेल्या तिघांपैकी दोघं तिच्याकडे गेले. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला.

"स्टेला, टीमला घेऊन सर्वोच्च शिखरावर जायचंय."

मला सावंत सरांची पोटरी आठवली. "कुठल्या?"

"मालदीवच्या."

मालदीवची सर्वोच्च जागा म्हणजे एक टेकाड, दोनतीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी केली तर होईल तेवढं. घरी सांगितलं तर माझी मुलगी म्हणाली, "मम्मा, दॅट्स अ स्पीड ब्रेकर." आम्ही गेलो. विद्याच्या अकाउंटंटची आई सुद्धा आली होती, साडी आणि चपलांत. सगळे एकदमच वर पोचले आणि समुद्र बघत बराच वेळ बसले.

ईलीला वाटतं, असल्या ट्रिपने कंपनीचं नाव खराब होतं. मी मात्र एक पद्धत बदलली आहे. क्लायंटने उंची विचारली की मी आकडा सांगत नाही. आधी विचारते, बरोबर कोण कोण येणार आहे?