पाटीचा मान

गिऱ्हाइकाने बांगड्याच्या कल्ल्यात बोट घातलं की प्रेमा त्या बोटाशेजारी कोयता आपटायची. "ताजो हा! बोटान काय बघतंस, डोळे काय गहाण ठेवलंस?" शिवाजीनगरच्या बाजारात तिच्यापुढे कन्नड बोलणारा येवो की उर्दू, शिवी मिळायची ती मालवणीतच. नवऱ्यामागून बेंगळूरला आली, इथेच विधवा झाली, इथेच केस पिकले, पण जीभ तिने कुणाला बदलू दिली नाही.

तिचं माहेर हुरसे बंदर. घाट उतरून खडबडीत रस्ता संपला की टेकाडाखाली तिच्या जातीच्या, गाबीत मासेमारांच्या होड्या, आणि लाटांना पाय लावून बसलेलं भद्राईचं देऊळ. भद्राई गाबितांची, तशीच बेंगळूरच्या जयनगरातल्या जुन्या मराठी व्यापाऱ्यांचीही कुलदेवी. माघातल्या जत्रेला त्यांच्या बसगाड्या जायच्या, आणि मागच्या सीटवर प्रेमा असायची. कारण पालखी दर्यात न्हायला निघते ती गाबितांच्या होडीतून, आणि त्याआधी देवीपुढे मासळीची पहिली पाटी ठेवायची ती प्रेमाच्या घरच्या थोरल्या लेकीने. आई गेली तशी पाटी प्रेमाच्या डोक्यावर आली. एरवी जन्मात तिला कुणी कशात पहिलं धरलं नव्हतं.

शहाण्णव सालच्या जत्रेआधी जयनगरात बैठक भरली. समितीचा अध्यक्ष किरणकुमार, साड्यांचा मोठा दुकानदार. त्याने कार्यक्रम सांगता सांगता हळूच सोडून दिलं, "यंदापासून देवीपुढे नारळ ठेवायचा."

"आणि पाटी?" प्रेमा मागून उभी राहिली.

"प्रेमाक्का, स्वल्प समजून घ्या. मंडपात नवा संगमरवर घातलाय. लांबून भाविक येतात, वासाने नाक धरतात."

"वास? किरणअण्णा, दर शनवारी तुमचो डायवर सुरमय व्हरता, काळ्या पिशयेत लपवन. त्या पिशयेक कसलो वास येता? चाफ्याचो?"

बैठक फिस्सकन हसली. किरणकुमारची बायको वरचा पंखा न्याहाळू लागली.

"ते घरातलं झालं. देवाचं वेगळं."

"देवीची मूर्त गावली ती आमच्या जाळ्यात, बांगड्यांच्या ढिगात! तेव्हा तिका नाय वास इलो?"

"ठराव झालाय, अक्का. तुमची सीट आहे, खुशाल या. पाटी तेवढी नको. सरी, ठीक आहे, पुढचा विषय."

प्रेमाचं डोकं असं तडकलं की चपला उलट्यासुलट्या घालून ती रस्त्यावर आली. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून तिने गावी देवळापाशच्या दुकानात फोन लावला आणि भावाला बोलावून घेतलं.

"बाये," विठोजी चाचरला, "समितीन आपल्या पालखीच्या होडयेक नवीन इंजिन दिल्यानी. मी काय बोलतलंय?"

किरणकुमार परका तरी होता. हा एकाच आईचा! "इंजिनाक मिठी मारून झोप, मेल्या," प्रेमा ओरडली. "वयनीक दी फोन."

वहिनी फोनवर आली ती धापा टाकतच. "बाये, तुमी पाटी घेवन येवा. होडयेच्या नाळीक कुंकू आमी बायका लावतंव. त्याबिगर होडी पाण्यात लोटूची छाती आसा खंयच्या बापयाची? पाटी नाय, तर कुंकू नाय."

प्रेमा बूथमधून निघाली तेव्हा किरणकुमार गाडीत बसत होता. तिने काचेवर टकटक केलं. "अण्णा, नारळ बरो मोठो घेवा. फोडूक येळ भरपूर गावतलो."

तो हसला. वर्षानुवर्षं मंडपात खुर्ची टाकून पालखी बघणारा माणूस. होडीच्या पुढच्या टोकाशी, नाळेशी वाकून कोण काय करतं, हे त्याने कधी बघितलंच नव्हतं.

जत्रेच्या सकाळी पालखी वाळूत आली आणि बसली. नारळ फुटला. इंजिनवाली होडी बिनकुंकवाच्या कोरड्या नाळेने उभी. गाबीत बापये बिड्या फुंकत एकमेकांकडे बघत राहिले, विठोजी मान खाली घालून दोर सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. कुंकू लावणाऱ्या बायका घरात, एकाही घराचं दार उघडेना. भाविक उन्हात भाजले, भटजी घामाघूम झाले, ओहोटी लागली.

शेवटी किरणकुमार स्वतः विठोजीच्या दारात आला. रेशमी धोतर, नाकाला रुमाल. अंगणात प्रेमा पाटीशेजारी बसली होती. रात्री उतरलेल्या बांगड्यांनी पाटी काठोकाठ भरलेली.

"अक्का, झालं गेलं... चला आता."

प्रेमा उठली, डोक्यावर चुंबळ बसवली. भरली पाटी एकटीने डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्याने उचलून द्यावी लागते. वहिनी पुढे झाली, तिला प्रेमाने हाताने मागे सारलं.

"धरा, अण्णा."

किरणकुमारने एका हाताने काठ धरला.

"तसो नाय," प्रेमा म्हणाली. "रुमाल आदी खिशात घाला. दोनय हात लागतत."