पाठमोऱ्या गायकाचं फ्लेक्स

ताडकळसला त्या गायकाच्या घरी आम्ही तेराव्याला गेलो, तेव्हा त्याच्या आईनं आमची नावं विचारली नाहीत. माझा हात धरून थेट म्हणाली, "माय, तुमच्याशी तरी त्यो तोंडाकडं बघून बोलायचा का? मागच्या दिवाळीला आला अन् उंबऱ्यावर बसला, गल्लीकडं तोंड करून. मी आत भाकरी करायले होते. माझ्याकडं पाठ करूनच बोलला, तसाच उठून गेला. रुसला होता का माझ्यावर?"

आम्ही त्याचे चाहते. आमच्यातल्या डॉक्टरांच्या गाडीच्या डिकीत आम्ही जे गुंडाळून आणलं होतं, ते या बाईला दाखवायचं कसं?

त्याचं गाणं कसं होतं हे सांगणं अवघडच. त्याला पोस्ट-पंक म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि कळून काही बिघडलं-सुधारलंही नाही. पुढं धडधडणारी बेस गिटार, मागं ड्रम, आणि एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा त्याचा सपाट आवाज. गोड गळ्याची सवय असलेले लोक पहिल्याच गाण्याला उठून जायचे. गेले ते बरंच झालं, गर्दी कमी व्हायची. मी तेव्हा पुण्याला शिकत होते. होस्टेलवर कुणी हसू नये म्हणून जिभेवर ताबा ठेवून 'आम्ही', 'तुम्ही' म्हणायची. आणि हा स्टेजवरून बेधडक 'आमी', 'तुमी', 'लय', 'न्हाई' म्हणत गात होता. माझ्या घरातली भाषा माईकमधून येत होती. मला रडू आलं होतं, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही.

पण गायचा तो कायम श्रोत्यांकडे पाठ करून. अगदी पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. यावरून आम्ही चाहत्यांनी किती डोकी फोडली! परभणीचे आमचे दातांचे डॉक्टर म्हणायचे, हा बाजारूपणाचा निषेध आहे. झरीचा एक जण म्हणायचा, आपल्याला तो कस्पटासमान मानतो, आणि त्यातही त्याला आनंद वाटायचा. मी तर यावर भलामोठा लेख खरडला होता. संपादकांना सुबुद्धी झाली आणि तो छापला गेला नाही.

पुण्यातच तो काविळीनं गेला. चाहत्यांच्या ग्रुपवर बातमी आली तेव्हा मी ऑफिसात होते. टेबलावरच डोकं टेकून रडले, आणि कोण गेलं हे विचारणाऱ्यांना काय सांगावं ते कळेना. मग डॉक्टरांनी कल्पना काढली. पुढाऱ्याच्या मेव्हण्याचा वाढदिवससुद्धा आपल्याकडे फ्लेक्सशिवाय होत नाही, तर याचं एक श्रद्धांजलीचं फ्लेक्स त्याच्या गावच्या चौकात लागलंच पाहिजे. लागलंच पाहिजे, पण फोटो? आमच्याकडे शेकड्यांनी फोटो, आणि सगळ्यांत त्याची पाठ.

परभणीचा फ्लेक्सवाला आमच्यावर वैतागला. "ओ मॅडम, चेहरा आना. पाठीला श्रद्धांजली कोन वाहायलंय?"

खूप शोधून चेहऱ्याचा एकच फोटो मिळाला, शाळेतला, गणवेशातला. डॉक्टर म्हणाले, "आपण ज्याला ओळखतो तो पाठमोराच." झालं. काळा शर्ट, किंचित वाकलेले खांदे आणि मानेवर आलेले कुरळे केस, असं सहा फुटी फ्लेक्स छापून आम्ही ताडकळसला आलो.

जेवणं उरकल्यावर त्याच्या चुलत्यांनी विचारलं, "तुमी कुनीकडचे पाव्हने?"

"आम्ही त्याचे चाहते," डॉक्टर म्हणाले. सगळ्या मांडवानं आमच्या काळ्या टी-शर्टांकडे पाहिलं. मग डॉक्टरांनी उत्साहाच्या भरात डिकीतून फ्लेक्स आणलं आणि अंगणात उलगडलं.

चुलत्यांचा पारा चढला. "ह्याचं तोंड कुठाय? गेलेल्या मानसाची मस्करी करायलात का?"

गलका ऐकून आई बाहेर आली. फ्लेक्सपाशी बसून त्या खांद्यांवरून हात फिरवत राहिली. "दुसरा न्हाई का? तोंडाचा?"

मी तिच्याजवळ बसले आणि मोबाइलवर त्याचे व्हिडिओ लावले. एक झाला की दुसरा. समोर हात उंचावून ओरडणारी पोरं, आणि हा आपला मागच्या भिंतीकडे तोंड करून गातोय.

"एवढी लोकं आलेली," ती म्हणाली, "आन् समद्यांकडं पाठ?"

"समद्यांकडं, मावशी. आम्ही एवढा जीव टाकला त्याच्यावर, पण त्यानं वळून कधी बघितलं नाही. कार्यक्रम झाला की डबा उघडून जवसाची चटणी वाटायचा. आईची हाय, पुरवून खावा म्हणायचा. तेही भिंतीकडे बघूनच."

तिनं मोबाइलवरून नजर काढून माझ्याकडं पाहिलं. "माझी चटणी?"

"तुमचीच."

"म्हंजी रुसला नव्हता," ती हळूच म्हणाली, आणि मग पदर तोंडाला लावून मोठ्यानं रडली. मीही रडले. दिवाळीपासून त्या एका पाठीचं ओझं ती एकटीच वाहत होती, आणि आम्ही तिकडे त्याच पाठीवर लेख लिहीत होतो.

शांत झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि चुलत्यांना म्हणाली, "भावजी, चौकात नका लावू. हितं आपल्या भिंतीवर लावा, भायेरून."

"अवो वैनी, येनाऱ्याजानाऱ्याला नुसती पाठच दिसंल की."

"दिसू द्या," ती म्हणाली. "तोंड तर घराकडं ऱ्हाईल."